फाइल आहे, तरी सापडत नाही

करड्या रंगाचा एक चौकोन आणि त्याच्या मधोमध प्लगिन उपलब्ध नसल्याची एक ओळ, एवढेच त्या पानावर दिसत होते. प्लगिन म्हणजे ब्राउझरला जास्तीचे एखादे काम करायला लावणारा जोड-प्रोग्रॅम. त्याची फाइल मी स्वतः थोड्याच वेळापूर्वी ब्राउझरच्या प्लगिन डिरेक्टरीत ठेवली होती, तिच्यावरचे वाचनाचे अधिकार तपासले होते आणि ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू केला होता. ज्या यंत्रासाठी हा खटाटोप चालला होता, ते तापमान आणि आर्द्रता यांच्या नोंदी ठेवणारे एक जुने यंत्र होते. ते व्यवस्थित चालू होते, त्याच्या पोटात नोंदी साठत होत्या. पण त्या पाहायच्या तर ब्राउझरच्या त्या चौकोनातूनच पाहाव्या लागत. यंत्र बनवणाऱ्यांनी लिनक्ससाठी प्लगिन दिले होते, हेच त्या काळी पुष्कळ होते. मात्र ते एकदा दिले आणि त्याची नवी आवृत्ती पुन्हा कधी काढली नाही. त्या सकाळी हाती घेतलेले काम दोन दिवस पुरले, आणि त्या दोन दिवसांत ‘लायब्ररी सापडत नाही’ या तक्रारीकडे पाहण्याची माझी रीत कायमची बदलली. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात अशी तयार कोडची फाइल.

पहिली अडचण अशी, की ब्राउझर त्याला काय खुपते आहे ते सांगतच नव्हता. प्लगिनच्या डिरेक्टरीतील एखादी फाइल उघडता आली नाही, तर ब्राउझर ती मुकाट्याने सोडून पुढे जातो. प्लगिनांच्या यादीत तिचे नाव येत नाही आणि पान उघडणाऱ्याला वाटते, की प्लगिन ठेवलेच गेलेले नाही. खरी हकिकत फक्त टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत कळते. मेनूतील चित्रावर क्लिक न करता मी ब्राउझर टर्मिनलमधून सुरू केला आणि काळ्या पडद्यावर एक लांबलचक ओळ उमटली. तिचा आशय असा होता, की अमुक प्लगिनची शेअर्ड लायब्ररी सुरू करता आली नाही, आणि पुढे चौकटी कंसात कारण होते : ‘लिबएक्सटी.एसओ.६ : शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही : अशी फाइल किंवा डिरेक्टरी अस्तित्वात नाही.’

मी ती फाइल शोधली. शोधायला काही क्षणही लागले नाहीत. ‘यूएसआर’च्या आतल्या ‘लिब६४’ डिरेक्टरीत ‘लिबएक्सटी.एसओ.६’ याच नावाने ती बसलेली होती. सिस्टीम म्हणत होती, की अशी फाइल नाही. आणि मी तिच्याकडे बघत होतो. अशा वेळी माणूस सिस्टीमला खोटे ठरवतो आणि हाताला येईल तो उपाय करू लागतो. मीही तेच केले. ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल केला, प्लगिन दुसऱ्या डिरेक्टरीत ठेवून पाहिले, संगणक बंद करून पुन्हा चालू केला. ओळ तीच राहिली, एका अक्षराचाही फरक पडला नाही. दुपार टळून गेल्यावर मी ती ओळ पुन्हा वाचली, आणि या वेळी एक वेगळा प्रश्न मनात आला : ‘नाही’ असे नेमके कोण म्हणते आहे, आणि त्याने कुठे पाहून हे म्हटले आहे?

हे बोलणारा ब्राउझर नव्हे. बोलणारा असतो डायनॅमिक लोडर, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ऱ्या शोधून त्याला जोडून देणारा सिस्टीमचा भाग. युनिक्सच्या कुळातील सिस्टीमवर कोणताही प्रोग्रॅम सहसा एकटा चालत नाही. अक्षरे काढणे, जाळ्यावर बोलणे, चित्रे उलगडणे, खिडक्या मांडणे अशी कामे तो सामाईक लायब्ऱ्यांवर सोपवतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सनओएससारख्या सिस्टीममध्ये ही व्यवस्था रुजली, पुढे एल्फ या फाइल-प्रकाराने तिला आजचे रूप दिले, आणि १९९५च्या सुमारास लिनक्सनेही जुना प्रकार सोडून एल्फ स्वीकारला. एल्फ फाइलच्या आत ‘मला या लायब्ऱ्या लागतात’ अशी एक यादी कोरलेली असते. त्या यादीत पत्ते नसतात, केवळ नावे असतात. नावावरून पत्ता काढण्याचे काम लोडरचे, आणि त्यासाठी त्याचा फिरण्याचा क्रम ठरलेला आहे : फाइलच्या आतच एखादा मार्ग लिहिलेला असेल तर तो, ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या व्हेरिएबलमध्ये सांगितलेल्या डिरेक्टऱ्या, मग ‘एलडीकॉन्फिग’ या कमांडने आधीच बांधून ठेवलेली सूची, आणि सर्वांत शेवटी ठरावीक एकदोन डिरेक्टऱ्या. या ठिकाणांपलीकडे लोडर एक पाऊलही टाकत नाही. संपूर्ण डिस्क धुंडाळून पाहणे हे त्याचे काम नाही, आणि तसे त्याने करूही नये. कुठल्याही कोपऱ्यातील, कुणीही आणून टाकलेली फाइल त्याने आपणहून उचलली असती, तर कोणत्याही प्रोग्रॅमवर विसंबणे धोक्याचे झाले असते.

म्हणजे ‘सापडली नाही’ हे विधान लोडरच्या जागी उभे राहून पाहिले तर अक्षरशः खरे असते. माझ्या बाबतीत प्लगिन ३२ बिटांचे, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरसाठी बांधलेले होते, आणि त्याला सोबत हवी म्हणून मी ब्राउझरही ३२ बिटांचाच बसवला होता; सिस्टीम मात्र ६४ बिटांची होती. ‘फाइल’ ही साधी कमांड प्लगिनवर चालवली तेव्हा ‘एल्फ ३२ बिट, इंटेल ८०३८६’ असे उत्तर आले आणि लायब्ररीवर चालवली तेव्हा ‘एल्फ ६४ बिट’ असे आले. ३२ बिटांचा लोडर ‘लिब६४’ डिरेक्टरीकडे फिरकतच नाही. त्याच्या वाटेवर ती येतच नाही. नाव एकच, पण माणसे दोन, आणि ज्याला हाक मारली होती तो त्या घरात कधी राहायलाच आला नव्हता. त्या लायब्ररीचे ३२ बिटांचे पॅकेज इन्स्टॉल केल्यावर ती ओळ नाहीशी झाली.

तिच्या जागी लगेच दुसरी आली.

ही गोष्ट नवख्या माणसाला फार खचवते, म्हणून तिचे कारण सांगायला हवे. लोडर पहिल्या अडथळ्यापाशी थांबतो आणि तेवढ्याच अडथळ्याचे नाव सांगतो. मागे आणखी किती अडथळे आहेत हे त्याने अजून पाहिलेले नसते. एक लायब्ररी आणली की ती स्वतःबरोबर आणखी तिघींची मागणी घेऊन येते, आणि प्रत्येक वेळी ब्राउझर सुरू करून एकेक नाव मिळवत बसले तर दिवस असाच संपतो. त्याऐवजी ‘एलडीडी’ ही कमांड प्लगिनच्या फाइलवर चालवावी. ती सगळी साखळी एकदम मांडते : डाव्या बाजूला मागितलेले नाव, मध्ये बाण, उजव्या बाजूला ते जिथे सापडले तो पत्ता. जिथे पत्ता नाही तिथे ‘नॉट फाउंड’ हे दोन शब्द. माझ्या यादीत चाळीसेक ओळी होत्या आणि त्यांतल्या तीन ओळींच्या उजवीकडे ते दोन शब्द होते. सकाळपासून अंधारात चाचपडणाऱ्याला त्या तीन ओळी दिसणे हा केवढा दिलासा असतो, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल. अडचण तेवढीच होती. पण आता ती मोजता येत होती.

इथे एक सावधगिरी सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही. ‘एलडीडी’ काही परिस्थितीत ती फाइल प्रत्यक्ष चालवून उत्तर काढते, असा इशारा तिच्या माहितीपानावरच दिलेला आहे. त्यामुळे जिच्या उगमाविषयी खात्री नाही, अशा फाइलवर ती चालवू नये. तिथे ‘ऑब्जडम्प’ किंवा ‘रीडएल्फ’ वापरून केवळ आतली यादी वाचावी. या दोन्ही कमांड फक्त थेट लागणाऱ्या लायब्ऱ्यांची नावे सांगतात आणि पुढची साखळी आपल्याला हाताने जुळवावी लागते, पण परक्या फाइलच्या बाबतीत तेवढे कष्ट घेतलेले बरे.

त्या तीन नावांपैकी दोन पॅकेजांच्या यादीत सहज मिळाली. लिनक्सच्या डेबियन कुळात ‘एपीटी-फाइल’ आणि फेडोरा कुळात पॅकेज-व्यवस्थापकाची ‘प्रोव्हाइड्स’ ही सोय आहे; लायब्ररीचे नाव दिले की ती कोणत्या पॅकेजात आहे ते सांगतात. लायब्ररीचे नाव आणि पॅकेजचे नाव सारखे असेलच असे नाही, म्हणून अंदाजाने पॅकेजे इन्स्टॉल करत सुटण्यापेक्षा हे विचारून घेणे चांगले. तिसरे नाव होते सी++ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या मूळ लायब्ररीचे, ‘लिबएसटीडीसी++.एसओ.५’, आणि मी खरोखर चुकलो तो तिथे.

सिस्टीमवर ‘लिबएसटीडीसी++.एसओ.६’ होती. पाच हवी आहे, सहा आहे. नवी आवृत्ती जुन्यापेक्षा चांगलीच असणार, असा सरळ हिशेब करून मी ‘५’ या नावाची एक सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे नुसते नाव, तयार केली आणि ती ‘६’कडे वळवली. हा उपाय मला कुणी शिकवला नव्हता. पण तो प्रत्येकाला आपोआप सुचतो, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

लायब्ररीच्या नावाच्या शेवटी असलेला हा आकडा आवृत्ती मोजण्यासाठी लावलेला नसतो. ‘एसओनेम’ म्हणून ओळखले जाणारे हे पूर्ण नाव म्हणजे लायब्ररी लिहिणाऱ्याने तिच्या आधाराने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दिलेले वचन असते : जोवर हा आकडा तोच आहे, तोवर तू ज्या फंक्शनांना ज्या पद्धतीने हाक मारतोस त्या पद्धतीने ती ओ देतील, आणि माहितीची मांडणी जशी तू गृहीत धरली आहेस तशीच राहील. आतल्या दुरुस्त्या कितीही होवोत, आकडा हलत नाही. जेव्हा हे वचन पाळणे अशक्य होते, तेव्हाच लिहिणारा आकडा वाढवतो. आणि तो वाढवतो याचा अर्थच ‘जुन्या वचनातून मी मोकळा झालो आहे’ असा असतो. जीसीसी या कंपायलरच्या, म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालणारी फाइल बांधणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ३.२ या आवृत्तीने २००२ मध्ये सी++ची द्विमान स्तरावरची जुळणी बदलली आणि ‘५’ हा आकडा आला. २००४ मध्ये ३.४ आवृत्तीबरोबर तो ‘६’ झाला. गंमत वाटावी इतके हे खरे आहे, की त्यानंतर गेली दोन दशके तो ‘६’च राहिला आहे. लायब्ररी कितीतरी वाढली, नवी फंक्शने आली, पण दिलेले वचन मोडावे लागले नाही. या सातत्यामागे असलेले कष्ट कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, कारण ते यशस्वी होतात तेव्हा काहीच घडत नाही.

माझी लिंक म्हणजे एका वचनाच्या कागदावर दुसऱ्याची सही करण्यासारखे होते. लोडरला नाव सापडले, त्याने दार उघडले, आणि लगेच नवी ओळ आली : ‘सीएक्सएक्सएबीआय_१.२ ही आवृत्ती सापडली नाही.’ प्लगिनने केवळ लायब्ररीचे नाव मागितलेले नव्हते; आतल्या चिन्हांच्या, म्हणजे फंक्शने वगैरेंच्या नावांच्या, आवृत्त्याही नोंदवून ठेवलेल्या होत्या, आणि ‘६’मध्ये त्यांची सुरुवातच ‘१.३’पासून होते. या ओळीचे मी तेव्हा वैतागून स्वागत केले, पण आज मागे वळून पाहताना तिचा आधार वाटतो. जिथे चिन्हांना अशा आवृत्त्या दिलेल्या नसतात, तिथे खोटी लिंक खपून जाते. प्लगिन उघडते, चालूही लागते, आणि दहा मिनिटांनी एखाद्या चित्रापाशी संपूर्ण ब्राउझर कोसळतो. मग त्या कोसळण्याचा धागा महिन्यापूर्वी केलेल्या लिंकपर्यंत कोण नेणार? काही लायब्ऱ्यांच्या लेखकांनी हे ओळखून दारातच पहारा बसवला आहे. चित्रे उलगडणाऱ्या लिबजेपेगवर अशी खोटी लिंक केली, तर ती स्पष्टपणे म्हणते, की लायब्ररी ८० क्रमांकाची आहे आणि हाक मारणाऱ्याची अपेक्षा ६२ची आहे, आणि तिथेच काम थांबवते. अशा पहारेकऱ्याला कटकट समजून त्याला चुकवण्याच्या युक्त्या शोधणे मला आता पटत नाही.

योग्य उपाय फारच साधा निघाला. जुनी प्रोग्रॅम-मंडळी चालू राहावीत म्हणून अशा लायब्ऱ्यांची जुनी रूपे वेगळ्या पॅकेजांत जपून ठेवलेली असतात. डेबियनमध्ये ते ‘लिबएसटीडीसी++५’ या नावाने होते आणि रेड हॅटच्या कुळात ‘कम्पॅट’ या उपसर्गाने. पाच आणि सहा या दोघी एकाच डिरेक्टरीत शेजारी शेजारी सुखाने राहू शकतात, कारण त्यांची नावे वेगळी आहेत. आकडा नावातच घालण्यामागचा हेतूच तो आहे. मी माझी लिंक काढून टाकली, ते पॅकेज ३२ बिटांच्या रूपात आणले, ‘एलडीडी’ पुन्हा चालवली. ‘नॉट फाउंड’ कुठेच नव्हते. ब्राउझर उघडला, आणि त्या करड्या चौकोनात हिरव्या रेषेने काढलेला आदल्या रात्रीचा तापमानाचा आलेख हळूहळू उमटला. पहाटे चारच्या सुमारास ती रेषा थोडी खाली आली होती. मी बराच वेळ त्या खोलगटाकडे पाहत राहिलो.

सगळ्या लिंका वाईट असतात असा याचा अर्थ कुणी काढू नये. जावाच्या जुन्या प्लगिनच्या बाबतीत तर नेमके उलट होते : फाइल प्लगिन डिरेक्टरीत कॉपी केली तर ती चालत नसे, आणि लिंक केली तरच चालत असे. ते प्लगिन स्वतःच्या मूळ जागेवरून मोजून जावाचा उरलेला पसारा शोधत असे. कॉपी केली की त्याची जागा बदले आणि शेजारीपाजारी कुणीच ओळखीचे उरत नसे. त्याच पॅकेजात एकाच प्लगिनच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिरेक्टऱ्यांत असत, एक जीसीसीच्या जुन्या रूपाने बांधलेल्या ब्राउझरसाठी आणि दुसरी ३.२ नंतरच्या ब्राउझरसाठी. चुकीची प्रत निवडली तर सगळ्या लायब्ऱ्या जागेवर असूनही ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ अशी तक्रार येई आणि पुढे सी++च्या जुन्या पद्धतीने गुंफलेले, वाचता न येणारे एक नाव असे. लायब्ररी सापडणे आणि लायब्ररीत हवे ते सापडणे, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. तक्रार कोणत्या पायरीवरची आहे, हे ओळखले की अर्धे काम होते.

प्लगिनच्या बाबतीत ही गुंतागुंत इतर प्रोग्रॅमांपेक्षा अधिक का असते, याचा विचार मी पुढे कितीतरी दिवस करत होतो. नेटस्केपने १९९५ मध्ये ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर प्लगिनची जी व्यवस्था आणली, तीत युनिक्सवरचे प्लगिन म्हणजे एक शेअर्ड लायब्ररीच होती. ब्राउझर चालू असताना ‘डीएलओपन’ या फंक्शनने तिला आत घेई. म्हणजे प्लगिन हे दुसऱ्याच्या घरात उतरलेल्या पाहुण्यासारखे असते. स्वतंत्र प्रोग्रॅमला आपल्या लायब्ऱ्या आपण निवडता येतात. पाहुण्याला यजमानाच्या घरात आधीपासून असलेल्या वस्तूंवर भागवावे लागते. ज्या एसओनेमची लायब्ररी ब्राउझरने आधीच उघडलेली आहे, तीच प्लगिनला मिळते, मग ती ब्राउझरने स्वतःबरोबर आणलेली असो की सिस्टीमची. दोघांच्या गरजा मुळातच विरोधी असतील तर निभावत नाही. खिडक्या आणि बटणे मांडणाऱ्या जीटीके या लायब्ररीची दुसरी आणि तिसरी पिढी एकाच प्रक्रियेत नांदू शकत नाही. तिसरीला दुसरीची चाहूल लागली की ती काम करायला साफ नकार देते. फायरफॉक्सने २०१० मध्ये ३.६.४ या आवृत्तीपासून प्लगिनांना वेगळ्या प्रक्रियेत बसवले, ते प्रामुख्याने प्लगिन कोसळले तरी ब्राउझर वाचावा म्हणून. पण पाहुण्यासाठी वेगळी खोली बांधली गेल्याने पुढे हेही शक्य झाले, की ब्राउझर तिसऱ्या पिढीकडे गेला आणि जुनी प्लगिने दुसऱ्या पिढीवर राहिली.

युनिक्सच्याच कुळातल्या फ्रीबीएसडी या सिस्टीमवर तर यजमान आणि पाहुणा यांची भाषाच वेगळी असे. तिथे लिनक्ससाठी बांधलेले प्लगिन त्या सिस्टीमच्या ब्राउझरमध्ये चालवण्यासाठी आधी ‘लिबमॅप’ या फाइलचा आधार घेत. त्या फाइलीत लिहिता येते, की अमुक प्लगिनने अमुक नाव मागितले तर त्याला तमुक लायब्ररी द्यावी, आणि हा बदल त्या एका प्लगिनपुरताच राहतो. माझ्या खोट्या लिंकेशी याची तुलना केली तर फरक लगेच कळतो. इथे नाव बदलून देणाऱ्याने मधला दुभाष्याही लिहिलेला होता, आणि बाकीच्या सिस्टीमला त्याचा स्पर्श नव्हता.

‘एलडी_लायब्ररी_पाथ’विषयीही दोन शब्द लिहायला हवेत, कारण खोट्या लिंकेनंतर सर्वाधिक गैरवापर त्याचा होतो. टर्मिनलमध्ये ते व्हेरिएबल भरले, ब्राउझर चालला, आणि माणूस निश्चिंत झाला. दुसऱ्या दिवशी मेनूमधून ब्राउझर उघडला तर पुन्हा तोच चौकोन. मेनूमधून सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमला शेलच्या फाइलीत लिहिलेली व्हेरिएबले मिळतीलच अशी खात्री नसते. मग माणूस ते सगळीकडे लागू करतो, आणि ब्राउझरमधून उघडलेला प्रत्येक प्रोग्रॅम त्या जुन्या लायब्ऱ्या उचलू लागतो. माझ्या मते हे व्हेरिएबल तपासणीपुरते वापरावे, आणि उत्तर कळले की लायब्ररी तिच्या रीतसर जागी ठेवून ‘एलडीकॉन्फिग’ चालवावे. तपासणीसाठी त्याहून मोलाचे व्हेरिएबल म्हणजे ‘एलडी_डीबग’. त्याला ‘लिब्ज’ ही किंमत देऊन प्रोग्रॅम सुरू केला, तर लोडर प्रत्येक नावासाठी कोणकोणत्या डिरेक्टरीच्या दारात जाऊन आला, ते ओळीमागून ओळ सांगत जातो. ‘एलडीडी’ला जे दिसत नाही तेही यात दिसते, कारण पुष्कळ प्लगिने काही लायब्ऱ्यांची नावे यादीत न लिहिता, गरज पडेल तेव्हा आपणच ‘डीएलओपन’ने मागतात. यादी स्वच्छ असते आणि आवाज मात्र येत नाही, अशा वेळी मी हाच मार्ग धरतो.

आवाजावरून आठवले. लायब्ररी सापडते, तिचे वचनही मोडलेले नसते, आणि तरीही बिघाड होतो, असा एक प्रसंग २०१० साली घडला आणि तो मला या संपूर्ण विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. फेडोरा १४मध्ये फ्लॅश या प्लगिनमधून ऐकू येणारे संगीत खरखरू लागले. लिनक्सची मूळ सी लायब्ररी असलेल्या जीलिबसीमधल्या, मेमरीतली माहिती एका जागेवरून दुसरीकडे उतरवणाऱ्या ‘मेमकॉपी’ या फंक्शनाला काही नव्या इंटेल प्रोसेसरांवर अधिक वेग यावा म्हणून ते मागून पुढे कॉपी करू लागले होते. नियमानुसार यात चूक काहीच नव्हती. ज्या दोन जागा एकमेकींवर येतात त्यांच्यासाठी ‘मेमकॉपी’ वापरायचे नसते, त्यासाठी ‘मेममूव्ह’ आहे, असे भाषेचा मानक-ग्रंथ सांगतो. फ्लॅशने ते पथ्य पाळलेले नव्हते, आणि जुन्या पद्धतीत ते योगायोगाने निभावून जात होते. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्या तक्रारीत स्वतः भाग घेतला, आणि वापरणाऱ्याचे चालू असलेले काम मोडले तर नियमाकडे बोट दाखवून भागत नाही, ही बाजू हिरिरीने मांडली. तात्पुरता उपाय म्हणून ‘एलडी_प्रीलोड’ या व्हेरिएबलने ‘मेमकॉपी’च्या जागी सुरक्षित रूप पुढे करणारी छोटी लायब्ररी वापरता येत होती. २०११च्या जीलिबसी २.१४मध्ये ‘मेमकॉपी’ला नवी आवृत्ती दिली गेली, आणि आधी बांधलेल्या प्रोग्रॅमांसाठी जुनी, सुरक्षित वागणूक कायम ठेवली गेली. नंतर कित्येक जुन्या सर्व्हरांवर ‘जीलिबसी_२.१४ ही आवृत्ती सापडली नाही’ असा संदेश लोकांनी पाहिला, त्याचे एक मोठे कारण हेच होते : नव्या सिस्टीमवर बांधलेला प्रोग्रॅम नवी ‘मेमकॉपी’ मागत होता. त्या रुक्ष ओळीमागे कुणाचे तरी खरखरणारे गाणे दुरुस्त करण्याची धडपड होती, हे कळल्यापासून तशा ओळींवर मला राग धरता येत नाही. या वादात मी टॉरव्हाल्ड्स यांच्या बाजूचा आहे; माझे यंत्रही अशाच कुणाच्या तरी मोडून न टाकलेल्या गोष्टीवर चालले होते.

त्या जातीची प्लगिने आता गेली. क्रोमने २०१५ मध्ये ४५व्या आवृत्तीत आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये ५२व्या आवृत्तीत त्यांना दार बंद केले. फायरफॉक्सने फ्लॅशपुरता अपवाद ठेवला होता, तोही २०२० संपताच फ्लॅशबरोबर गेला. सुरक्षेच्या दृष्टीने ते गरजेचेच होते. लोडर मात्र तोच आहे आणि त्याचे बोलणेही तेच आहे. संरक्षित व्हिडिओसाठी ब्राउझर आजही एक वेगळी शेअर्ड लायब्ररी उघडतो. फायरफॉक्स लिनक्सवर पुष्कळसे व्हिडिओ उलगडण्यासाठी सिस्टीमची ‘लिबएव्हीकोडेक’ ही लायब्ररी स्वतः चालू असताना शोधतो, आणि सिस्टीमवरची लायब्ररी त्याला ठाऊक असलेल्या आकड्यांच्या पुढे गेली असेल तर तिला हात लावत नाही. एका सहकाऱ्याच्या संगणकावर असाच व्हिडिओ चालत नव्हता. त्याने लायब्ररी इन्स्टॉल केली होती, ‘हे बघा, फाइल आहे ना,’ असे म्हणत त्याने ती मला दाखवलीही. त्याचा ब्राउझर स्नॅप या बंदिस्त पॅकेजातला होता आणि त्याला आतून त्या पॅकेजाबरोबर आलेल्या लायब्ऱ्याच दिसत होत्या. बाहेर केलेली व्यवस्था कितीही चोख असली, तरी त्या भिंतीपलीकडे तिचा उपयोग नव्हता. त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहताना मला माझी ‘लिब६४’ डिरेक्टरी आठवली. मी त्याला विचारले, ‘फाइल तुला दिसते आहे, ब्राउझरला दिसते आहे का?’ तो क्षणभर थांबला, आणि मग त्याने टर्मिनल उघडले.

ते नोंदी ठेवणारे यंत्र अजून चालू आहे. त्याच्यासाठी मी एका आभासी मशीनमध्ये जुनी सिस्टीम आणि तो ३२ बिटांचा ब्राउझर तसाच जपून ठेवला आहे. बाहेरच्या जाळ्याशी त्याचा संबंध तोडलेला आहे. त्याच डिरेक्टरीत एक साधी मजकुराची फाइल आहे. तीत कोणती पॅकेजे का आणली, कोणती लिंक केली होती आणि ती का काढली, हे तारखांसह लिहून ठेवले आहे, म्हणजे माझ्यानंतर कुणी बसले तर त्याला त्या दोन दिवसांतून पुन्हा जावे लागू नये. शेवटी ‘एलडीडी’ने दिलेली पूर्ण यादी जोडलेली आहे. चाळीसेक ओळी आहेत, आणि प्रत्येक नावाच्या उजवीकडे पत्ता आहे.